मेट्रॉइड मालिका कुठून सुरू करावी? पॉडकास्ट ऐकला, आता खेळायची आहे

आर्णी_रब्बी

राम राम मंडळी. मी आर्णी तालुक्यातला, कपाशी, तूर, हरभरा करतो. सध्या आमच्या फीडरवर थ्री-फेज लाईन रात्रीची आहे, म्हणून हरभऱ्याचं ओलीत रात्रीच होते. स्प्रिंकलरचे पाईप एकदा बदलवले की पुढच्या फेरापर्यंत धुऱ्यावर बसून राहणंच असते. एका कानात इअरफोन घालतो, दुसरा कान मोकळा ठेवतो, कारण रानडुकरं तुरीत घुसली तर समजलं पाहिजे. असंच ऐकता ऐकता निन्टेंडो या गेम बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा पॉडकास्ट सापडला, निन्टेंडो पॉवर पॉडकास्ट. त्यात मेट्रॉइड या त्यांच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेवर बोलून राहिले होते. इंग्रजी सगळं नाही समजलं, पण बोलणाऱ्यांच्या आवाजात या मालिकेबद्दल जी माया होती, ती बरोबर समजली.

मी यातला एकही गेम खेळलेलो नाही. लहानपणी घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम होता, त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलो, तेवढंच. आता साळा पुण्याहून जुना स्विच, म्हणजे निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र, आणून देतो म्हणते. पण या मालिकेत गेम इतके आहेत, आणि ते लोक बोलता बोलता सुपर मेट्रॉइडवरून फ्यूजनवर, तिथून प्राईमवर, मग ड्रेडवर जातात. मला धागा लागत नाही. खेळायचं तर कशापासून? जुने खेळलेच पाहिजेत, की सरळ नवा घ्यावा? आणि घरात नऊ वर्षांची पुतणी आहे, तिला इंग्रजी वाचता येत नाही. ती सोबत खेळू शकेल का? गोष्ट सांगितली तरी चालते, फक्त ड्रेडचा शेवट सांगू नका.

नागपूर_हॅण्डहेल्ड

सरळ ड्रेड घे भाऊ. २०२१ चा आहे, खास स्विचसाठी बनलेला. स्पेनच्या मर्क्युरीस्टीम कंपनीनं निन्टेंडोसोबत बनवला. हाताला इतका मऊ लागते की धावणं, सरकणं, उडी, गोळी सगळं एका लयीत होते. मागची गोष्ट सुरुवातीलाच थोडक्यात सांगतात, त्यामुळे काही अडत नाही. अवघड वाटला तर २०२२ मध्ये फुकट अपडेटमधून नवशिक्यांसाठी सोपा मोड आला आहे. आणि एक डेमो आहे, त्याला पैसे लागत नाहीत. आधी तो खेळून बघ. एम्मी नावाचे रोबो मागं लागले की छाती कशी धडधडते ते कळेल. जुने गेम नंतर हौसेनं खेळता येतात. १९८६ च्या गेमपासून सुरुवात केली तर त्यात नकाशाही नाही, माणूस कंटाळून सोडून देते.

ढालकिडा

आर्णीभाऊ, मी मूर्तिजापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा आतेभावानं त्याचा गेम बॉय अॅडव्हान्स मला दिला. त्या यंत्रात आधीच्या गेम बॉयच्या कॅसेटही चालतात. त्यामुळे १९९१ चा मेट्रॉइड दोन आणि २००२ चा फ्यूजन मी होस्टेलच्या खोलीत एकाच यंत्रावर एकामागून एक खेळलो. नागपूरचे भाऊ हाताच्या दृष्टीनं बोलले ते खरं आहे, ड्रेडसारखा हाताला लागणारा दुसरा नाही. तरी मी म्हणतो, ड्रेड शेवटी ठेव.

आधी धागा लावून देतो. या मालिकेत दोन धारा आहेत. एक बाजूनं दिसणारी, तू मारिओ-कॉन्ट्रा खेळला तशी. तिच्यात मुख्य गोष्टीचे पाच भाग: पहिला १९८६ चा, दुसरा १९९१ चा, तिसरा म्हणजे सुपर मेट्रॉइड १९९४ चा, चौथा फ्यूजन २००२ चा आणि पाचवा ड्रेड. दुसरी धारा प्राईमची. अमेरिकेत टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओजनं २००२ मध्ये सुरू केली. त्यात आपण नायिका सॅमसच्या डोळ्यांनी बघतो, हेल्मेटच्या काचेतून. प्राईमच्या गोष्टी काळाच्या हिशेबानं पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधात बसतात. त्या फार सुंदर आहेत, पण तुझ्या प्रश्नापुरत्या बाजूला ठेव. पाच भागांची गोष्ट ही एकसलग आहे, आणि ती एका प्राण्याची गोष्ट आहे.

मेट्रॉइड म्हणजे नायिका नव्हे. नायिका सॅमस अरान, अंतराळातली सुपारी घेणारी शिकारी. लहानपणी चाच्यांच्या हल्ल्यात अनाथ झाली, चोझो नावाच्या पक्ष्यांसारख्या जमातीनं तिला वाढवलं, चिलखत दिलं. मेट्रॉइड हा एक तरंगणारा, जेलीसारखा जीव, डोक्याला चिकटून प्राण शोषून घेते. थंडीनं गोठते, मग क्षेपणास्त्रानं फुटते. पहिल्या भागात अंतराळातले चाचे या जिवाचं हत्यार करायच्या मागं आहेत आणि सॅमस झेबीस ग्रहाच्या पोटात उतरून त्यांना थांबवते. हा भाग तू १९८६ चा न खेळता त्याचा २००४ चा नवा अवतार खेळ, झीरो मिशन. नकाशा आहे, वाट दाखवते, लवकर होते. मूळ गेमबद्दल एवढं मात्र सांगतो: त्या वेळच्या बहुतेक गेममध्ये सुरू झालं की उजवीकडे पळायचं. इथं उजवीकडे गेलास तर थोड्याच वेळात अडतोस, कारण गोळा होऊन बिळात शिरायची शक्ती डावीकडे ठेवलेली आहे. मागं वळायला शिकवलं त्यांनी पहिल्याच मिनिटाला. पुढची सगळी मालिका त्यावर उभी आहे.

आता दुसरा भाग. हा लोक टाळतात. काळा-पांढरा, पडदा छोटा, नकाशा नाही. मी म्हणतो, कागद-पेन घेऊन बस, पण हा टाळू नको. यात सरकार ठरवते की मेट्रॉइडची जातच संपवायची, आणि सॅमसला त्यांच्या मूळ ग्रहावर पाठवते, एसआर३८८ वर. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, किती उरले त्याचा. ३९ पासून सुरू होतो. एका भागातले मारले की जमीन हादरते, रसायनाचं पाणी खाली उतरते आणि अजून खोल जायची वाट उघडते. खाली जाशील तसे ते मोठे होत जातात, कात टाकतात, पाय फुटतात. शेवटी राणी. ती मेली की एक अंडं राहते, ते सॅमससमोरच फुटते, आणि त्यातलं पिल्लू तिलाच आई समजून मागं मागं येते. बंदूक हातात आहे, पण ती चालवत नाही. तिथून जहाजापर्यंत कुणी शत्रू नाही. ते पिल्लू वाटेतले अडथळे खाऊन रस्ता करून देते. एवढ्या जुन्या, चिमुकल्या पडद्यावर हे कुणाला सुचलं असेल, मला आजही नवल वाटते.

सुपर मेट्रॉइडमध्ये ते पिल्लू संशोधकांकडे दिलेलं असते, तिथून रिडली नावाचा चाच्यांचा पंखवाला राक्षस ते पळवते, आणि सॅमस पुन्हा झेबीसवर त्याच्यामागं जाते. शेवटच्या लढाईत मदर ब्रेन नावाच्या शत्रूसमोर सॅमस मरायला टेकते तेव्हा ते वाढलेलं पिल्लू येऊन तिला वाचवते आणि स्वतः जाते. जगातला शेवटचा मेट्रॉइड तो.

आणि मग फ्यूजन. सॅमस संशोधकांच्या सोबतीला परत एसआर३८८ वर जाते, तर तिथं एक्स नावाचा परजीवी उसळलेला. ज्याच्या अंगात शिरते त्याला खाऊन त्याचंच रूप घेते. तो आधी काऊन दिसला नाही? कारण चोझोंनी मेट्रॉइड तयारच केले होते एक्सला खायला. खाणारा संपला, म्हणून जे दबून होतं ते मोकळं झालं. आणि खाणारा संपवला कुणी? आपणच.

भाऊ, तू कपाशी करतो, तुला यापुढे समजावून सांगायची गरज नाही. पात्यांवर ढालकिडा आणि क्रायसोपा मावा खाऊन राहिले असतात. आपण मावा पाहून जहाल औषध मारतो, मावा मरते, खाणारेही मरतात, आणि काही दिवसांत पांढरी माशी अशी उठते की पान काळं पडते. आम्हाला वर्गात मित्रकिडींचं हे शिकवत होते त्याच महिन्यात मी फ्यूजन खेळत होतो. प्राध्यापक फळ्यावर जे लिहीत होते ते माझ्या हातून दुसऱ्या भागात झालेलं होतं. कोणत्याही गेमनं मला असं धरलं नाही.

म्हणून क्रमाचा माझा एवढा आग्रह. ड्रेडच्या सुरुवातीला मेट्रॉइड आणि एक्सचं हे नातं थोड्या ओळींत सांगतात, ती माहिती तुला मिळेलच. पण तो कोपऱ्यातला आकडा एकेक करून तुझ्या अंगठ्यानं खाली आणलेला असला, ते पिल्लू तुझ्यामागं आलेलं असलं, तर फ्यूजनमध्ये जे होते ते तुला लागते. फ्यूजनमध्ये सॅमसलाही एक्सची बाधा होते. तिचं चिलखत कापून काढावं लागते, आणि तिला वाचवते ती लस त्या पिल्लाच्या पेशींपासून केलेली. त्या कापलेल्या चिलखतात एक्स शिरून तिचंच पूर्ण ताकदीचं रूप घेऊन, फ्यूजन जिथं घडते त्या अवकाश स्थानकात फिरते, आणि आपण कमजोर, दाराआड श्वास धरून उभं. त्या रूपाच्या पावलांचा आवाज ऐक, पॉडकास्ट ऐकतो तसा, पण दोन्ही कानांत इअरफोन घालून.

वणी_बारावी

दादा, ढालकिडा काकांनी गोष्ट इतकी चांगली सांगितली की मी त्यात भर घालत नाही. मी तुमच्या पुतणीबद्दल सांगते, कारण माझा लहान भाऊ तिच्याच वयाचा आहे आणि आम्ही दोघांनी सुपर मेट्रॉइड मिळून पूर्ण केला.

सुपर मेट्रॉइडच्या सुरुवातीला मागची गोष्ट इंग्रजीत येते, ती तुम्ही तिला मराठीत सांगा. त्यानंतर जवळजवळ काही वाचावं लागतच नाही. त्या ग्रहावर कुणी बोलत नाही. गेम शिकवतो तो दाखवून. एका खोल विहिरीसारख्या जागी आपण पडतो, वर यायला वाट नसते, आणि तिथं तीन छोटे हिरवे प्राणी असतात. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पाय मारत वर वर जातात, आणि आपण बघत राहिलो तर पुन्हा करून दाखवतात. माझा भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "ते मला शिकवून राहिले." मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या जागी शहामृगासारखा एक पक्षी आहे. तो जोरात धावतो, मग सरळ वर झेपावतो. तेही आपल्याला करता येतं हे तो पक्षी सांगतो. शेवटी ग्रह फुटायला लागतो तेव्हा पळता पळता या प्राण्यांना सोडवता येतं. गेम तसं करायला सांगत नाही, वेळही थोडा असतो. आम्ही सोडवलं. आणि फ्यूजनमध्ये तेच प्राणी पुन्हा भेटतात!

पाण्याखालच्या भागात काचेचा एक बोगदा आहे. त्यातून जाताना घाई करू नका, तिला विचारा की ही काच इथं कशाला असेल. उत्तर मी सांगणार नाही.

फ्यूजन मात्र तिच्याने एकटीने होणार नाही. त्यात अॅडम नावाचा संगणक जागोजागी थांबवून पुढे कुठं जायचं ते इंग्रजीत सांगतो. तुम्ही शेजारी बसा.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८६ चा गेम लवकर पूर्ण केला की शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं की इतका वेळ आपण एक बाई होतो. तुमच्या पुतणीला हे आधीच माहीत असेल, पण सॅमस कुणी वाचवायला येईल म्हणून थांबत नाही, ती एकटी जाते आणि काम करून येते, हे तिला खेळताना जाणवेल. म्हणूनच याच मालिकेतला २०१० चा अदर एम मला आवडत नाही. त्यात हत्यारं अंगावर असूनही ती अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत वापरत नाही. आगीच्या भागात भाजत चालते, तरी थांबते. मला ते बघवलं नाही. पुतणीला तो नका दाखवू.

आर्णी_रब्बी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, धन्यवाद. ढालकिडा भाऊ, तुमचं वाचून मी आजच्या रात्री पॉडकास्टचा तोच भाग पुन्हा लावला. एसआर३८८ चं नाव येते तिथं आता अर्थ लागला. आमच्याकडं २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं सगळं बोंड आतून खाल्लं, तेव्हापासून मी फवारणीआधी पानं उलटून पाहतो, कोण कोण बसलं आहे म्हणून. त्यामुळे तुमचं म्हणणं एकदम पोचलं. मी क्रमानेच खेळणार.

पण हे सगळे जुने गेम स्विचवर मिळतात का? आमच्याकडं नेट घराच्या गच्चीवर येते, खाली येत नाही. आणि लाईन दिवसातून कधी जाईल सांगता येत नाही.

नागपूर_हॅण्डहेल्ड

मिळतात, पण निन्टेंडोची ऑनलाईन वर्गणी लागते. १९८६ चा मूळ गेम, मेट्रॉइड दोन आणि सुपर मेट्रॉइड साध्या वर्गणीत येतात. झीरो मिशन आणि फ्यूजन हे गेम बॉय अॅडव्हान्सचे, त्यांना वरची महाग वर्गणी. दोनचा २०१७ चा रंगीत नवा अवतार आहे, सॅमस रिटर्न्स, पण तो थ्रीडीएस यंत्रावरच चालते आणि त्याचं ऑनलाईन दुकान २०२३ मध्ये बंद झालं, त्याच्या मागं लागू नको. एकदा उतरवून घेतले की जुने गेम नेटशिवायही चालतात, फक्त सात दिवसांतून एकदा यंत्र नेटला जोडावं लागते. गच्चीवर नेऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलं तरी पुरते. ड्रेडचं कार्ड घेतलं तर त्याला नेटचीही गरज नाही. पैसे वाचवायचे असतील तर साधी वर्गणी घे आणि वरची फक्त झीरो मिशन-फ्यूजनच्या वेळी. पहिल्याची ओळख मूळ गेमवर थोडी करून घे, मग दोन आणि सुपर.

लाईनचं म्हणशील तर पहिल्या वर्षीचा स्विच बॅटरीवर अडीच ते साडेसहा तास चालते, २०१९ मध्ये सुधारून आलेला साडेचार ते नऊ. हे जुने गेम हलके आहेत, बॅटरी कमी खातात. साळ्याला २०१९ नंतरचाच पाहायला सांग. लाईट नावाचा छोटा स्विच स्वस्तात मिळते, पण तो टीव्हीला जोडता येत नाही. पुतणीसोबत बसून बघायचं असेल तर मोठाच घे.

आणि हो, दोनबद्दल ढालकिडा भाऊंनी जे लिहिलं ते वाचून मीही तो लावला आहे. मी आजवर तो कधी उघडला नव्हता. आकडा अजून तिशीत आहे.

ढालकिडा

नागपूरचे भाऊ, नेटानं पूर्ण करा. तिशीच्या खाली उतरलं की गुहा वेगळ्याच वाटायला लागतात.

आर्णीभाऊ, पॉडकास्टबद्दल एक सांगायचं राहिलं. तो जरूर ऐक. त्याचं नाव निन्टेंडो पॉवर या मासिकावरून आलेलं आहे. ते मासिक १९८८ ते २०१२ पर्यंत चाललं, आणि ज्यानं २०१७ मध्ये हा पॉडकास्ट सुरू केला तो क्रिस स्लेट त्याच मासिकाचा शेवटचा संपादक होता. या माणसांनी हे गेम निघाले तेव्हापासून पाहिले आहेत, ती माया तुला आवाजात ऐकू आली ती खरी आहे. पण ती कंपनीच्या घरातली माणसं आहेत. वणीच्या ताईनं अदर एमबद्दल जे लिहिलं तसं तिथं ऐकायला मिळणार नाही, मालिकेतल्याच २०१६ च्या फेडरेशन फोर्स या गेमवर चाहते किती नाराज झाले तेही नाही. प्राईम चारची घोषणा २०१७ ला झाली, काम २०१९ मध्ये थांबवून रेट्रो स्टुडिओजकडे नव्यानं सुरू केलं, आणि गेम डिसेंबर २०२५ मध्ये आला. या मधल्या वर्षांत चाहते काय बोलत होते ते चाहत्यांकडूनच ऐकावं लागते. दोन्ही ऐक.

ड्रेडचं सांगतो आणि थांबतो. त्याची कल्पना मालिकेचे सूत्रधार योशिओ साकामोतो यांच्याकडे फ्यूजननंतर थोड्याच वर्षांत होती. त्या वेळच्या यंत्रांवर हवं तसं जमेना म्हणून बाजूला ठेवली. फ्यूजन ते ड्रेड, एकोणीस वर्षं. मेट्रॉइड आणि सॅमस यांची जी गोष्ट १९८६ ला सुरू झाली ती इथं पूर्ण होते असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. म्हणून तो शेवटी.

साळ्याला एवढंच सांग की पैसे देण्याआधी यंत्र चालू करून दोन्ही बाजूच्या अंगठ्यानं फिरवायच्या काड्या हात न लावता पाहायच्या. पडद्यावर काही आपोआप सरकत असेल तर तो घेऊ नये. चार्जरही सोबतचाच मागायचा.